रेने देकार्त

सातारा-सांगलीकडील शेतकरी नांगराचा एक तास दुसऱ्यास समांतर धरतो, तो नजरेनें. कृष्णेच्या सरळ काठापासून आखूडांत आखूड पूल टाकावयाचा, तर तो काठास लंबच असला पाहिजे, हेंही सर्वांस समजतें. परंतु नजरेस दिसणारी ही गोष्ट समीकरणानें मांडण्याचा मार्ग ज्यानें दाखविला, त्या रेने देकार्तचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

देकार्तचा जन्म ३१ मार्च १५९६ रोजीं फ्रान्समधील ला हे या लहानशा गांवीं झाला. तो तान्हा असतांनाच त्याची आई वारली. प्रकृति नाजूक, म्हणून ला फ्लेश येथील जेझुइट विद्यालयांत त्यास सकाळीं उशिरापर्यंत अंथरुणांत राहण्याची मुभा होती. इतर विषयांत त्यास मतामतांचा गलबला दिसे. निःसंशय असें एक गणितच वाटे. १६१८ सालीं तो हॉलंडांत सैन्यांत शिरला. तेथें बेकमन नांवाच्या विद्वानाच्या सहवासानें ही आवड पुन्हा जागी झाली.

१६३३ सालीं, पृथ्वी फिरते या मताबद्दल गॅलिलिओस शिक्षा झाली. तेंच मत सांगणारा आपला ग्रंथ देकार्तनें भीतीनें छापला नाहीं. १६३७ सालीं त्याचा दुसरा ग्रंथ लायडन येथें निघाला, तोही निनांवी. त्याच्या एका परिशिष्टांत त्यानें बीजगणित व भूमिति यांची सांगड घातली, आणि वक्ररेषेस लंब कसा काढावा हेंही दाखविलें. त्याच सुमारास फर्मा या फ्रेंच गणितज्ञासही हीच युक्ति सुचली होती. आजची चढाची मांडणी मागाहूनच्या गणितज्ञांनीं बसविली. पाया या दोघांचा.

समजा, य = २क्ष + ३ ही रेषा आहे, आणि क्ष = ४, य = १ हा बिंदु तिच्याबाहेर आहे. त्या बिंदूंतून जाणाऱ्या समांतर रेषेचा चढ तोच, म्हणजे २. बिंदूच्या किंमती घालतां य = २क्ष − ७ हें समीकरण येतें. लंबाचा चढ असा घ्यावा कीं दोन्ही चढांचा गुणाकार −१ व्हावा; म्हणून तो −१/२, आणि समीकरण य = −क्ष/२ + ३. हा लंब मूळ रेषेस क्ष = ०, य = ३ येथें मिळतो.

१६४९ सालीं स्वीडनची राणी ख्रिस्तिना हिच्या बोलावण्यावरून देकार्त स्टॉकहोमला गेला. उशिरां उठणाऱ्या या मनुष्यास कडाक्याच्या थंडींत पहाटे पांच वाजतां राणीस शिकविण्यास जावें लागे. ११ फेब्रुवारी १६५० रोजीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

थोरांनीं सांगितलें तेंच खरें मानावें, अशा काळीं त्यानें कोणासही स्वतः पडताळतां येईल असें सत्य शोधिलें. म्हणून वरील दोन नियम नुसते पाठ करून भागणार नाहीं. विद्यार्थ्यांनीं बिंदूच्या किंमती उत्तरांत घालून पाहाव्या. आणि पालकांनींही, उत्तर आलें काय, एवढेंच न विचारतां, ताळा पाहिलास काय, असें मुलांस विचारावें.