गोंडाइटचे नामकर्ते : सर लुईस फर्मोर

भंडारा जिल्ह्याची ओळख सांगताना आपण वैनगंगा, धान आणि तलाव यांवरच थांबतो. आमच्या कारध्याहून पूल ओलांडून भंडारा आणि तेथून उत्तरेस तुमसर तालुक्यात गेले, की चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी लागतात. या भागातील खडकांना जगाच्या शास्त्रात स्थान मिळवून देणारे सर लुईस ली फर्मोर मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतील.

त्यांचा जन्म 1880 साली लंडन येथे झाला. खनिशास्त्राचे शिक्षण घेऊन 1902 मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. पुढल्याच वर्षी त्या खात्याचे संचालक झालेले थॉमस हॉलंड यांनी पूर्वी कलकत्त्यात जॉब चार्नॉक यांच्या थडग्याचा दगड तपासला होता. दिसायला तो ग्रॅनाइटसारखा, परंतु त्यात हायपर्स्थीन हे खनिज होते. असा खडक खोल भूगर्भात, अतिशय उष्णतेत तयार होतो. हॉलंड यांनी त्याला चार्नोकाइट म्हटले.

फर्मोर यांच्याकडे मँगनीजचे काम आले. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा हा सारा मुलूख त्यांनी अभ्यासला. 1909 साली त्यांचा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. येथे गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांचा बनलेला एक खडक सापडतो. मँगनीज असलेला प्राचीन गाळ जमिनीखाली दाब व उष्णता सोसून असा पालटला, असे त्यांनी मांडले आणि या खडकाला गोंडाइट हे नाव दिले. एका खडकाला साहेबाच्या थडग्यावरून नाव मिळाले, दुसऱ्याला गोंड लोकांवरून! नावाने कुणाचे पोट भरत नाही, हेही खरे. त्या काळी येथले धातुक बहुतांशी परदेशी पोलाद कारखान्यांकडे जात होते.

मला त्यांचा 1913 सालचा विचार सर्वांत मोठा वाटतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला रसायनाची सूत्रे अवघड जातात, पण हा मुद्दा सहज समजतो. दोन खडकांतील मूलद्रव्ये सारखीच असली तरी खनिजे वेगळी असू शकतात. दाब वाढला की तीच द्रव्ये कमी जागेत मावणारी जड खनिजे बनवतात, आणि गार्नेट हे त्यांपैकीच एक. म्हणून खडकातील गार्नेट हे भूगर्भातील दाबाचे मापक ठरते, असे त्यांनी सुचविले. ज्या खोलीपर्यंत मनुष्य पोचू शकत नाही, तेथली खबर हातात मावणारा दगड देतो!

पुढे 1932 ते 1935 ते खात्याचे संचालक होते. 1934 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. 1935 मध्ये स्थापन झालेल्या, आज भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले.

1936 साली त्यांनी भारतीय द्वीपकल्पातील अतिप्राचीन खडकांचे चार्नोकाइट असलेला आणि नसलेला असे दोन विभाग पाडले. आपला भाग नसलेल्यांत गेला. 1954 मध्ये ते निवर्तले. त्यानंतरच्या संशोधकांनी भंडारा-बालाघाट पट्ट्यात अतिउष्णतेत पालटलेले ग्रॅन्युलाइट खडक नोंदविले, आणि त्यांत चार्नोकाइटही निघाला. फर्मोर यांची रेषा त्यांच्याच आवडत्या मुलखात पुसावी लागली. ती पुसणाऱ्यांनी दाब मोजला, तो मात्र गार्नेटच्या साहाय्यानेच.