करपलेली खिचडी आणि कमला सोहोनी



परवा आमच्या नाशिकच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी बुडाला लागली. पोरांनी विचारलं, पिवळी डाळ काळी कशी झाली? पाणी आणि वायू उडून गेले, मागे राहिला तो मुख्यतः कार्बन. डाळ, दूध, आपलं शरीर, सगळ्यांचा सांगाडा याच अणूचा. कार्बनला जणू चार हात असतात. एकमेकांचे आणि इतर अणूंचे हात धरून ते लांब साखळ्या करतात. प्रथिन ही अशीच साखळी. या प्रथिनांच्या अभ्यासात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या कमला सोहोनी तुम्हाला माहीत असतीलच. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंची बहीण.

जन्म १९११, इंदूर. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रातले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त त्या पहिल्या आल्या. तरी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, त्या मुलगी होत्या. कमलाबाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. प्रवेश मिळाला, पण वर्षभर काम पारखून बघण्याच्या अटीवर. अपमान गिळून त्या दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करत राहिल्या. वर्षाने रामन यांनाच ते मान्य करावं लागलं आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडलं. (पहिल्या आलेल्या मुलाला अशी अट घातली असती का, हे वर्गात जरूर विचारा.)

पुढे केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतं, हे त्यांनी दाखवलं. पेशीच्या श्वसनात लागणारं हे प्रथिन. त्याच्या आत लोखंडाचा एक अणू आणि त्याला धरून ठेवणारं कार्बन-नायट्रोजनचं कडं. १९३९ ला पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम ४० पानांचा!

लग्नानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, त्यांवर तिथे त्यांनी विद्यार्थ्यांसह काम केलं. हे घटकही प्रथिनंच. नीट शिजवलं की त्यांच्या साखळीची घडी उलगडते, कार्बनचा कणा मात्र तुटत नाही. घडी मोडली की अडवणूकही थांबते. म्हणूनच वाल, घेवडा अर्धाकच्चा ठेवू नये, असं मी डब्याच्या बैठकीत आयांना सांगते.

नीरेवरचं त्यांचं कामही मोठं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर तब्येती सुधारल्या. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या शिक्षकांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये कमलाबाई गेल्या.