पाण्याचा हिशेब मागणारे जोतीराव

महात्मा जोतीराव फुले म्हटले की १८४८ ची मुलींची शाळा व १८७३ चा सत्यशोधक समाज आठवतो. त्यांचा पाण्याचा विचार मात्र आपण विसरतो.

१८२७ साली माळी कुटुंबात जन्मलेल्या जोतीरावांची शाळा लोकांच्या सांगण्यावरून मध्येच सुटली व ते मळ्यात राबू लागले. पुढे शिक्षण पुन्हा सुरू झाले. पण मळा ते विसरले नाहीत.

१८८३ मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. त्यात दुःखाबरोबर उपायही आहेत. रिकाम्या लष्कराकडून व पोलिसांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी आधी शेतात मुरेल, मग ओढ्याला जाईल. सरकारने पाणाड्यांकडून पाण्याच्या जागा शोधून त्या गावच्या नकाशात नोंदवाव्यात. स्वतःच्या हिमतीवर विहीर पाडणाऱ्यास बक्षीस द्यावे. कालव्याचे पाणी जमिनीच्या मानाने तोटी बसवून द्यावे. आधी मोजणी, मग वाटणी, असा हा सरळ हिशेब आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. पूर्णेवर येलदरीचे धरण १९६८ मध्ये झाले. पण जिंतूर तालुक्यातील आमचे रान उंचावर, कोरडवाहूच. वडिलांनी कर्ज काढून विहीर खोदली. चाळीस फुटांवर काळा पाषाण लागला, पाणी लागले नाही. कर्ज अजून फिटलेले नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. ‘असूड’ वाचताना वाटले, तो नकाशा आमच्या गावाला मिळाला असता तर वडिलांना अंदाजाने खोदावे लागले नसते.