पालवणकर बाळू : एक फिरकी, एक प्रश्न

धानाची कापणी झाली की आमच्या झाडीपट्टीतल्या रिकाम्या बांध्यांत क्रिकेट सुरू होते. माझा एक मित्र तेथे डाव्या हाताने चेंडू असा वळवतो की फलंदाज नुसता बघत राहतो. त्याच्याकडे पाहिले की मला पालवणकर बाळू आठवतात.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा. कुटुंब कोकणातील पालवणचे, जात चांभार. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात गेले. पारशी क्लबच्या मैदानावर झाडलोट करणे व रोलर ओढणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. पुढे पूना क्लबमध्ये गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याची संधी मिळाली. ग्रेगसारख्या कसलेल्या फलंदाजाला तासन् तास गोलंदाजी करता करता हात तयार झाला. फलंदाजी करण्याची संधी मात्र त्यांना तेथे क्वचितच मिळे.

पुण्याच्या हिंदू संघाला बाळूंचा हात हवा होता, बाळू नको होते. मैदानात सारे एकाच चेंडूला शिवत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवायलाही त्यांची पंगत वेगळीच. वाचकहो, बळी घेणारा हात चालतो आणि कप धरणारा हात चालत नाही, हे कोणते तर्कशास्त्र?

प्लेगच्या काळात ते मुंबईस आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्याच काळात यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स हा डावखुरा फिरकी गोलंदाज कौंटी क्रिकेट गाजवीत होता. कारकिर्दीत त्याने चार हजारांवर बळी मिळविले. दोघांची शैली एकच, परंतु एकाला दरवर्षी संपूर्ण हंगाम खेळायला मिळे, तर दुसऱ्याला प्रथम श्रेणीचे अवघे ३३ सामने! त्यांतही बाळूंनी १७९ गडी बाद केले, सरासरी पंधराच्या आसपास.

तरीही कर्णधारपद त्यांच्याकडे कधी आले नाही. १९२० साली त्यांना वगळल्यावर त्यांच्या भावांनी संघातून माघार घेतली. तेव्हा बाळूंना उपकर्णधार केले गेले, आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला व हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याने ठोठावलेले दार धाकट्यासाठी उघडले.

उत्तरायुष्यात बाळू राजकारणात उतरले. डॉ. आंबेडकर तरुणपणी त्यांच्या गौरवात पुढे होते. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी मात्र बाळू गांधीजींच्या बाजूला होते आणि १९३७ साली काँग्रेसतर्फे आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढवून हरले. पुढे १९५४ साली आपल्या याच भंडाऱ्यात लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचाही पराभव झाला. बाळूंचे निधन झाले ते दुसऱ्याच वर्षी, १९५५ साली, मुंबईत. दोघांचे मार्ग वेगळे होते, पण अपमान एकाच जातीचा होता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गेल्या हंगामात आमच्या संघाचा कर्णधार निवडायचा होता. सर्वांत जास्त बळी त्या डावखुऱ्या मित्राचे. नाव निघाले दुसऱ्याचेच. कोणी कारण विचारले नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होते. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. तंबूबाहेरचा तो मातीचा कप शंभर वर्षांपूर्वी फुटला, असे मी समजत होतो. बाळूंचे चरित्र वाचल्यावर कळले की त्याचा एक तुकडा माझ्याही हातात होता.

यंदा कापणी झाली की पुन्हा निवड होईल. त्या वेळी मित्राचे नाव मी स्वतः सुचविणार आहे.