पंडिता रमाबाई आणि दोन दुष्काळ

१८९६ साली मध्य प्रांतात पावसाने ऐन वेळी पाठ फिरवली. पोटरीत येऊ घातलेला भात शेतातच करपला आणि दिवाळीनंतर खेड्यापाड्यांतून माणसे अन्नाच्या शोधात बाहेर पडू लागली. आपला बालाघाट जिल्हा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या त्या प्रांतातच मोडत असे. वैनगंगेच्या काठचा हा मुलूख भातावर जगणारा; त्यामुळे भात गेला की सर्वच गेले. १९०१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या मानाने वाढण्याऐवजी घटलेली आढळली, एवढ्यावरून त्या दशकात येथे काय घडले असेल याची कल्पना करावी.

त्या दुष्काळात पुण्याहून एक अडतीस वर्षांची विधवा बाई मध्य प्रांतात येऊन दाखल झाली. अंगावर साधे पांढरे लुगडे, कानांनी कमी ऐकू येत असलेले आणि गाठीला पैसा बेताचाच. दुष्काळी छावण्यांतून व गरीबखान्यांतून ती निराधार मुली आणि बालविधवा शोधीत हिंडत होती. तिच्या मागे सरकार नव्हते, संस्थान नव्हते. मात्र उपासमार म्हणजे काय हे तिला कोणी सांगावे लागले नाही. ते तिने वीस-बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या देहावर सोसले होते. या बाई म्हणजेच पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ नावाच्या अरण्यात, तुंगा आणि भद्रा या नद्यांच्या उगमाजवळ झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान, परंतु मुलखावेगळे गृहस्थ होते. पुण्यास शिकत असताना पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकविले जात असल्याचे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे असे मनाशी ठरविले. घरच्यांनी व गावच्यांनी त्यास विरोध केला. उडुपीच्या पंडितांपुढे त्यांना आपल्या वागण्याचे शास्त्राधारे समर्थन करावे लागले. शेवटी ते रानात जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकविले. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या मुलीला, म्हणजे रमेला, पहाटे जवळ घेऊन श्लोक सांगितले. ही मुलगी कोणत्याही शाळेत गेली नाही, तरी भागवत तिला मुखोद्गत होते. कानडी मुलखात जन्मून घरात मराठी बोलणाऱ्या आणि आईच्या मांडीवर संस्कृत शिकणाऱ्या या मुलीविषयी मला विशेष आपलेपणा वाटतो. माझ्याही घरची बोली कोकणी, आणि मराठी ही मी पुस्तकांतून व लोकांतून मिळविलेली भाषा. दोन-तीन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या माणसाला शब्दाची किंमत लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

आल्यागेल्याच्या आदरातिथ्यात अनंतशास्त्र्यांची संपत्ती संपली, तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमा त्या वेळी सहा महिन्यांची होती. तिला वेताच्या करंडीत घालून, ती करंडी डोक्यावर घेऊन घाट उतरावा लागला. तेव्हापासून सोळा वर्षे हे लोक देवळांत आणि नदीच्या घाटांवर पुराण सांगून, मिळेल त्या दक्षिणेवर राहिले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोणी येईना. उरलासुरला पैसा अनंतशास्त्र्यांनी देवाच्या कृपेसाठी दानधर्मात खर्चिला. भांडी गेली, कपडे गेले. भीक मागण्याची लाज वाटे आणि अंगमेहनतीचे काम करण्याची सवय नव्हती. तिरुपतीजवळच्या रानात या पाच माणसांनी अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडांची पाने व मूठभर रानटी खजूर यांवर काढल्या. वृद्ध वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. सर्वांचा निरोप घेणेही सुरू झाले. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास याने आपण हमाली करून सर्वांना पोसू असे सांगून त्यांना त्यापासून परावृत्त केले. तथापि थोड्याच दिवसांत वडील वारले. मागोमाग रायचूर येथे आई गेली. तिला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे आली, आणि ताटीचा चौथा कोपरा रमेला धरावा लागला. तिची उंची कमी पडली म्हणून तिने तो भार खांद्यावर न घेता डोक्यावर घेतला आणि तशी ती स्मशानापर्यंत चालत गेली. पुढे काही महिन्यांत थोरली बहीणही वारली.

उरलेली दोन भावंडे हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते. तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि तोंड तेवढे बाहेर ठेवून ती त्यांत निजली. ज्या देवतांची आईवडिलांनी जन्मभर उपासना केली त्यांनी संकटात हाक का ऐकली नाही, हा प्रश्न या प्रवासातच रमाबाईंच्या मनात उभा राहिला. त्याचे त्यांनी जे उत्तर पुढे शोधले ते सर्वांनाच पटेल असे नाही. परंतु पोट भरल्यावर त्यांनी हा प्रश्न विसरून टाकला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोचली आणि दैव एकाएकी पालटले. वीस वर्षांच्या या मुलीची विद्वत्ता पाहून तेथील पंडितांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. हे सुख मात्र फार टिकले नाही. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी असल्यामुळे लोकांनी नावे ठेवली. १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेला. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई तान्ही मुलगी घेऊन पुन्हा एकट्या पडल्या.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची आवश्यकता मांडली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या उत्पन्नातून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर होण्याचा मानस होता, परंतु कानांनी दगा दिला व ते राहून गेले. बरोबर आलेली मैत्रीण तेथेच दुर्दैवी रीतीने मरण पावली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला.

हा धर्म त्यांनी कोणत्या कसोटीवर पारखला हे पाहण्यासारखे आहे. सासरमाहेरच्यांनी टाकलेल्या, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना लंडनमधील ख्रिस्ती भगिनी जवळ करतात, त्यांना पुन्हा माणसांत आणतात, हे त्यांनी पाहिले आणि त्यामुळे त्यांचे मन वळले. पण म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. चर्चची सर्व मते मुकाट्याने मान्य करावीत अशी अपेक्षा होती. रमाबाई तर प्रत्येक मतासाठी वाद घालीत. आपले हिंदी वळण, शाकाहार आणि पोशाख त्यांनी सोडला नाही. येशूच्या धर्माची बुद्धीला ओळख झाली, पण प्रत्यक्ष येशूची अंतःकरणाला ओळख होण्यास त्यानंतर आणखी आठ वर्षे जावी लागली, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे.

१८८६ मध्ये डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या अमेरिकेस गेल्या, तेथे विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून मदत मिळविली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदन लवकरच पुण्यास आले आणि १८९३ मध्ये वादळ उठले. संस्थेत कोणाच्याही धर्मात ढवळाढवळ होणार नाही असे वचन दिलेले होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. माझ्या मते येथे दोन्ही पक्षांची बाजू समजून घेतली पाहिजे. विश्वासाने मुली पाठविणाऱ्यांना फसवणूक वाटली हे स्वाभाविक होते. आणि आपल्याच घरात देवाचे नाव दाराला कडी घालून घ्यावे हे रमाबाईंच्या स्वभावात बसणारे नव्हते. या भांडणात नुकसान झाले ते घरी परत न्याव्या लागलेल्या बालविधवांचे.

अशा स्थितीत १८९६ च्या दुष्काळाची वार्ता आली. अमेरिकेतील मदतीची मुदत दहा वर्षांची होती व ती संपत आली होती. नव्या मुली आणून त्यांना खाऊ काय घालायचे, हा विचार त्यांनी केला नसेल असे नाही. पण तिरुपतीच्या रानातील ते अकरा दिवस त्यांना घरी बसू देईनात. त्या मध्य प्रांतात गेल्या. छावण्यांत हाडांचे सापळे झालेली मुले त्यांनी पाहिली. आईबापांवेगळ्या तरुण मुलींना अन्नाची लालूच दाखवून पळविणारे दुष्ट लोकही पाहिले. दुष्काळात मुलींना मरणाहून वाईट काय गाठू शकते हे ओळखून त्यांनी अशा सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आपल्याकडे आणल्या.

पुण्यात त्या वेळी प्लेगने थैमान घातले होते. शहरात इतकी नवी माणसे ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. फळबाग करावी म्हणून रमाबाईंनी दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशनजवळ जमीन घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर तंबू व झोपड्या ठोकून मुलींना नेले. मुक्तिसदनाचा आरंभ हा असा झाला. आलेल्या मुली उवांनी व खरजेने भरलेल्या, चोरून भाकरी लपविणाऱ्या, भांडखोर. त्यांना न्हाऊ घालणे, स्वच्छता शिकविणे, रात्री जागणे ही कामे शारदा सदनातील जुन्या मुलींनी पत्करली. काल ज्यांना सांभाळावे लागत होते त्या आज सांभाळू लागल्या. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तेथे शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, छापखाना सर्व काही स्त्रियांच्या हाती होते. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल लिपीतून शिकविले.

आयुष्याची शेवटची अठरा-एक वर्षे रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या या बाईंनी संस्कृत शब्द मात्र प्रयत्नपूर्वक टाळले. खेड्यातील बाईला वाचून कळावे एवढाच त्यांचा हेतू होता. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे मनोरमाबाई वारल्या. वडील, आई, बहीण, भाऊ, पती यांच्यामागून एकुलती मुलगीही गेली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. दुःखाने खचलेल्या त्या बाई पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. ते काम हातावेगळे झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेवला. मुक्तिसदनातील मुलींनी खिळे जुळवून तो ग्रंथ १९२४ मध्ये छापून पुरा केला.