कमालुद्दीन फारिसी : दोस्त संख्यांचा चोख हिसाब

रमजानमध्ये जकात काढताना अंदाजपंचे चालत नाही. सोने, रोकड, व्यापारातला माल, सारे मोजून झाल्यावरच चाळिसावा हिस्सा ठरतो. जकात, वारसाहक्क आणि किबल्याची दिशा यांनी मुस्लिम समाजाला काटेकोर हिसाबाची सवय लावली. ही सवय केवळ अंकांच्या अभ्यासातही जपणारे एक आलिम म्हणजे कमालुद्दीन अल-फारिसी.

1258 मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले. त्यानंतर काही वर्षांतच, 1267 च्या सुमारास, इराणात फारिसी जन्मले. उस्ताद कुतुबुद्दीन शिराजी यांच्या सांगण्यावरून त्यांनी इब्न अल-हैसम यांचा प्रकाशावरील ग्रंथ अभ्यासला आणि त्यावर मोठे भाष्य लिहिले. पाण्याने भरलेल्या काचेच्या गोलावर प्रयोग करून त्यांनी इंद्रधनुष्याचे कोडे उलगडले. त्यांची कीर्ती मुख्यतः या कामामुळे आहे.

मात्र त्यांनी एक अरबी पुस्तिका मित्रसंख्यांवरही लिहिली. 220 ला पूर्ण भाग जाणाऱ्या, तिच्याहून लहान सर्व संख्या मिळवल्या की 284 होतात. 284 च्या अशा विभाजकांची बेरीज 220 येते. अशा जोड्या शोधण्याचा नियम नवव्या शतकात साबित इब्न कुर्रा यांनी दिला होता. फारिसींनी तो नव्या वाटेने सिद्ध केला आणि 17296 व 18416 ही जोडी मांडली.

एवढ्या मोठ्या संख्येत खरी भीती असते ती एखादा विभाजक नजरेतून सुटण्याची. एक सुटला, तरी बेरीज चुकते आणि दोस्ती खोटी ठरते. म्हणून फारिसींनी पाया आधी पक्का केला. प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात फोडता येते, हे त्यांनी दाखवले. मग त्या मूळ संख्यांचे दोन-दोन, तीन-तीन असे गट करून विभाजक किती होतात, ते मोजण्याची रीत दिली.

17296 म्हणजे चार वेळा 2, एकदा 23 आणि एकदा 47 यांचा गुणाकार. तिचे स्वतःहून लहान विभाजक 19. 18416 म्हणजे चार वेळा 2 आणि एकदा 1151. तिचे असे विभाजक अवघे 9. एकीकडे 19, दुसरीकडे 9. तरी बेरीज केली की प्रत्येकीतून दुसरीच निघते.

1319 च्या सुमारास फारिसींचा इंतकाल झाला. पुढे 1636 मध्ये फ्रान्सच्या फर्मा यांना हीच जोडी सापडली आणि युरोपात ती त्यांच्या नावाने ओळखली गेली. फारिसींचे श्रेय कित्येक शतके हस्तलिखितांतच राहिले.

त्यांच्या पुस्तिकेच्या अरबी नावातही दोस्तांचा उल्लेख आहे. दोस्ती असो वा जकात, काहीही न वगळता केलेला हिसाबच खरा, हे त्यांच्या कामातून शिकण्यासारखे आहे.