कच्चे मडके

मुक्ताबाईंची पालखी दरसाल आषाढीला आमच्या बीड जिल्ह्यातून पंढरीस जाते, तेव्हा त्यांनी घडविलेली नामदेवरायांची परीक्षा आम्हांस हटकून आठवते.

श्रीनामदेवराय १२७० साली जन्मले. देव यांच्याशी बोलतो, अशी ख्याती झाली. नकळत अभिमानही शिरला. परंपरा सांगते, की तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले असता कोण कच्चा, कोण पक्का हे पाहावयास मुक्ताबाईंनी सांगितले. काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले. सारे गप्प, नामदेवराय मात्र चिडले. झाले, मडके कच्चे ठरले!

रडतच ते पंढरीस आले. देवानेही तोच निवाडा दिला अन् गुरू करावयास धाडले. अपमान उगाळीत ते बसले नाहीत. औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. तिथेही आधी चुकलेच. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना त्यांनी हटकले. पण पाय जिकडे ठेवावेत तिकडे पिंडीच! तेव्हा डोळे उघडले.

मग त्यांनी पंजाबात घुमानपर्यंत नाम पोचविले. गुरु ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. १३५० साली ते पंढरीच्या महाद्वारी पायरी होऊन राहिले. ज्यांना एक थापटणे सोसले नाही, त्यांनी सर्वांचे पाय माथ्यावर घेतले!

वारकरी बंधुभगिनींनो, कच्चे ठरलो म्हणून खचू नये. कच्च्या मडक्याला आवा असतो. मात्र आपले कच्चेपण आधी कबूल केले पाहिजे.